मायचे उपास

मायचा रिपोर्ट मीच तपासला आणि मीच छापला. एचबीएवनसी सहा पॉइंट एक. आठ महिन्यांपूर्वी हाच आकडा दहा पॉइंट नऊ होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते या तपासणीत मोजतात आणि त्यावरून मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर कळते. एक दिवस पथ्य पाळून या आकड्याला फसवता येत नाही. म्हणून माझा त्याच्यावर माणसांपेक्षा जास्त विश्वास होता.

रिपोर्ट तीन पानांचा होता. पहिल्या पानावरची तेवढी एक ओळ मी कापली, तिच्याभोवती हिरवा गोल काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकली. लगेच वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, जोडलेले हात आले, तीनदा. लातूरच्या प्रेमला मावशीनं लिहिलं, "सिंधु, आता तरी रहस्य सांग." उज्वला काकूनं फुलांचा गुच्छ पाठवला. मायनं काहीच लिहिलं नाही. ती ग्रुपवर लिहीत नसतेच, असं मी मनाशी म्हटलं.

मी नांदेडला डॉक्टर लेनमधल्या एका लॅबमध्ये काम करते. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाले आहे. मुखेडकडचे नमुने रोज अकराच्या सुमारास गाडीनं येतात आणि त्यांत दर तीन महिन्यांनी एक नळी मायची असते. आमचं गाव मुखेडपासून सात किलोमीटरवर आहे.

हे सगळं मार्चमध्ये सुरू झालं. अण्णा लातूरच्या मोंढ्यात तूर विकायला गेले होते, तिथून ओळखीच्या कोणीतरी त्यांना मधुमेहावरच्या व्याख्यानाला ओढून नेलं. दिवसातून दोनदाच जेवायचं, मध्ये काही खायचं नाही, पाऊण तास चालायचं. मायला अकरा वर्षांचा मधुमेह. अण्णांना ते पटलं, मलाही पटलं. मुखेडला रामलिंग सरांनी असाच एक गट काढला होता. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या गटात दर तीन महिन्यांनी सगळ्यांचे आकडे माईकवर वाचायचे आणि ज्याचा आकडा साडेसहाच्या खाली आला त्याला शाल-श्रीफळ द्यायचे.

मायचा तक्ता मी तयार केला. वेळ, जेवण, चाल, वजन. त्याआधी, फेब्रुवारीत, ती फोनवर दोनदा म्हणाली होती, "सुकन्या, काई करमत न्हाई बघ." त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, यावर मी एम.एस्सी.ला सेमिनार दिला होता. उदास माणूस गोळ्या चुकवतो, हालचाल सोडतो, अंगातलं कॉर्टिसॉल वाढतं, सूज आणणारी द्रव्यं वाढतात, साखर चढते. चढलेली साखर पुन्हा मेंदूला त्रास देते. मी बाण काढून आकृती दाखवली होती, टाळ्याही मिळाल्या होत्या. त्या आकृतीतले सगळे बाण चढत्या साखरेशी जोडलेले होते. म्हणून मी ठरवलं की साखर उतरवली की मायचं मन आपोआप वर येईल. आणि साखर उतरत गेली, तशी मी निर्धास्त होत गेले.

उपास श्रावणात वाढले. सोमवार आधीपासून होता. मग गुरुवार आला, मग शनिवार. चतुर्थी, एकादशी. श्रावण संपला तरी ते सुटले नाहीत. तक्त्यात अण्णा त्या दिवसांपुढं 'उ' लिहायचे. बाहत्तर किलोंवरून माय एक्कावन्नवर आली. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा तिच्या ब्लाउजला काकूनं दोन्ही बाजूंनी टीप मारली होती आणि म्हणत होती, "वहिनी, पोरीवाणी दिसायल्या बगा. माय-लेकी सोबत निघाल्या तर लोक सुकन्यालाच माय म्हणतील." माय हसली होती. हसली असं मला आठवतं.

तर त्या मंगळवारी मी रिपोर्ट ग्रुपवर टाकला आणि वीरण्णांना दाखवला. वीरण्णा आमच्या लॅबचे सगळ्यात जुने टेक्निशियन, देगलूरचे. त्यांच्या हाताला शीर सापडली नाही असं माणूस अजून जन्मलं नाही, असं तेच सांगतात.

"सहा पॉइंट एक! अन् काय करती गं तुझी माय?"

"दोन वेळा जेवण. आणि उपास. आठवड्यात चार-चार होतात."

वीरण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "उपास करून? येडी का खुळी तू? आमची लक्ष्मी एक एकादशी करती अन् दुसऱ्या दिवशी, बारशीला, तिची साखर तीनशे. सकाळी साबुदाणा, दुपारी भगर, संध्याकाळी बटाटा, वर राजगिऱ्याचे लाडू. म्हणलं, बाई, तू उपास सोड, भाकरी खा, तेवढीच देवाची कृपा."

शेजारची मुलगी हसली. मीही हसले. मग माझं हसणं थांबलं.

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. भगर, बटाटा, सगळं तेच. आठवड्यातले चार दिवस मधुमेहाच्या बाईनं हे खाल्लं तर आकडा चढायला हवा, निदान अडायला हवा. इतकी साधी गोष्ट मी एम.एस्सी. होऊन आठ महिने स्वतःला विचारली नव्हती.

मी रिपोर्टचं तिसरं पान उघडलं. लघवीची तपासणी. कीटोन: तीन अधिक. ऑगस्टचा रिपोर्ट काढला. कीटोन: दोन अधिक. ते पान तेव्हाही होतं. मी तेव्हाही पहिलीच ओळ कापली होती. अंगात साखर नाही आणि कीटोन भरपूर, याचा अर्थ शरीर स्वतःची चरबी जाळतंय, आणि चरबी संपत आली की स्नायू. माय उपासाचं खात नव्हती. ती काहीच खात नव्हती. आणि साखर उतरवायच्या गोळ्या मात्र अण्णा रोज सकाळी न चुकता तिच्या तळहातावर ठेवत होते.

मी फोन लावला. मायनं उचलला नाही. अण्णा शेतात, त्यांचा फोन लागेना. मग काकूला लावला. काकूचं घर आमच्या घराला लागूनच आहे.

"निजल्यात की वहिनी. उपास हाय त्यांचा."

"आज मंगळवार आहे, काकू."

"मंगळवार बी धरलाय. दोन हप्ते झाले. तुला न्हाई सांगितलं?"

"काकू, आत्ता जा. हलवून उठवा. उठली तर ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर घालून पाजा. फोन ठेवू नका."

"अगं, साखर? शुगरवालीला?"

"काकू, जा!"

चपलांचा आवाज, दार, मग काकूचं "वहिनी, आवं वहिनी". खूप वेळ काहीच नाही. मग मायचा आवाज आला, लांबून, चिडलेला. मी टेबलाला धरून उभी होते. वीरण्णांनी काही न विचारता माझी पिशवी माझ्या हातात दिली.

मुखेडची एसटी कंधारमार्गे जाते. सव्वादोन तास लागले. दर वीस मिनिटांनी मी काकूला फोन करत होते आणि ती दर वेळी म्हणत होती, "जागी हाय, मला शिव्या देऊन राहिली." मला त्या शिव्या ऐकायच्या होत्या, पण माय फोन घ्यायला तयार नव्हती.

घरी पोचले तेव्हा काकू ओट्यावर बसली होती. तिचा चेहरा पडलेला. "सुकन्या, मी रोज ताट नेऊन देते गं. अण्णाभाऊ रानात असतेत म्हणून मीच देते. उपासाला खिचडी, न्हाई तर भाकरी. ताट रिकामं येतंय. धुऊन येतंय."

मी घरात न जाता आधी मागं गोठ्यात गेले. का गेले ते सांगता येणार नाही. ज्या घरात अन्न टाकत नाहीत त्या घरात ते जाऊन जाऊन कुठं जाईल, एवढाच विचार असेल. गाय बांधलेली होती. गव्हाणीच्या कडेला, जिभेला न पोचणाऱ्या सांध्यात, साबुदाणे वाळून चिकटले होते. त्यांत मिरचीचे तुकडे होते. मी नखानं एक दाणा उचकटला. तो काचेसारखा कडक होता.

माय मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या समोर बसले. दिवाळीत पाहिलं होतं तिला, तरी आत्ता पहिल्यांदा पाहत होते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"गाईला घालतेस?"

"काकूनं सांगितलं का?"

"तिला माहीत नाही. मी पाहिलं."

तिनं बांगड्या मनगटाकडं ओढल्या. मग म्हणाली, "उपास म्हणलं की कोणी दुसऱ्यांदा विचारत न्हाई. जेवत न्हाई म्हणलं की दहा जण उशाला बसतेत."

"पण का, माय?"

"घास तोंडात घातला की माती लागती. आधी वाटलं तोंड आलंय. मग वाटलं, घास न्हाई उतरला तर न्हाई. कोणाला भूक लागली पाहिजे असं कुठं हाय?"

"काही झालं का? कोणी बोललं का तुला?"

"न्हाई. तेच तर!" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. "कोणी काईच केलं न्हाई. तुझा बाप देवमाणूस. पोरगा पुण्यात नोकरीला लागला, तू तुझ्या पायावर. मग मला असं कामून वाटावं, सांग की, तू तर शिकलीस. सकाळी डोळा उघडला की वाटतं, कामून उघडला. न्हाणीत पाणी घेऊन बसते अन् तांब्या उचलू वाटत न्हाई. त्या सरांच्या गटात सगळ्या बाया हसतेत, मी बी तोंड हसरं करते. घरी येईपर्यंत गाल दुखतेत."

सेमिनारसाठी वाचताना एक गोष्ट मी अधोरेखित केली होती: थेट विचारल्यानं माणूस मरणाकडं ढकलला जात नाही, उलट विचारावंच. तेव्हा ते वाक्य किती सोपं वाटलं होतं.

"माय, मरून जावंसं वाटतं का तुला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, लाजही नव्हती. "तसलं काई केलं की पोलीस येतेत. पेपरात येतंय. पोरीच्या लग्नाला आडवं येतंय. उपासात गेलं की लोक पाया पडतेत."

मी तिचे पाय धरले. ते गार होते.

अण्णा आले. काकूनं त्यांना शेतातून बोलावून आणलं होतं. हातातला विळा तसाच होता. मी सगळं सांगितलं, गोठ्यासकट. म्हणाले, "असं कसं? आजच रिपोर्ट आली, सहा पॉइंट एक. तूच टाकलीस. मी पारावर समद्यांला दाखवून आलो."

"अण्णा, चुलीत लाकूडच घातलं नाही तर धूर कुठून निघेल? आत काही गेलंच नाही म्हणून साखर उतरली. तिला आजच्या आज नांदेडला न्यायचं. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात. शुगरचे डॉक्टर बघतील आणि मनाचेही."

"मनाचे?" अण्णांनी दार लोटून घेतलं. काकू बाहेरच राहिली. "रविवारी सत्कार हाय तिचा. समदा तालुका येतोय. अन् मी तिला येड्याच्या डॉक्टरकडं नेऊ? काय कमी हाय गं तिला? सिंधे, काय कमी केलं मी?"

"काई न्हाई," माय म्हणाली.

"बघ. काई न्हाई म्हणती."

"अण्णा, कमी काही नसलं तरी हा आजार होतो. साखरेचा झाला तेव्हा विचारलं होतं का, काय कमी केलं म्हणून?"

ते माझ्याकडं वळले. आवाज चढला नाही त्यांचा. "मग तू काय बघत होतीस, आठ महिने? मला काय कळतंय यातलं? तू म्हणलीस लिहा, मी लिहिलं. तू म्हणलीस लई भारी, मी म्हणलं लई भारी."



"भांडू नका," माय म्हणाली आणि उठायला लागली. "मी करते च्या." अर्धी उठली, भिंत धरली, तोंडावर घाम फुटला आणि तशीच खाली बसली. डोळे उघडे होते, पण आमच्याकडं नव्हते. मी फळीवरचं मशीन घेतलं, तिच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब यायला वेळ लागला. अण्णा वाकून पाहत होते.

चोपन्न.

सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे अण्णांना पाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं. माझ्या सगळ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते त्या आकड्यानं केलं. मी साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं मायच्या तोंडात सोडत होते तोवर अण्णा अनवाणी गल्लीत धावले होते आणि कोणाची तरी जीप दारात उभी होती. त्यांनी मायला उचललं. बाहत्तर किलोंची असताना त्यांना ते जमलं नसतं. उचलताच त्यांना कळलं असावं, कारण उंबऱ्यात ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अगं, हिच्यात काईच न्हाई."

विष्णुपुरीला तिला भरती केलं. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. पहिले दोन दिवस डॉक्टर तिला पोटभर काही द्यायला तयार नव्हते, कारण बरेच महिने उपाशी असलेल्या शरीराला एकदम अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धाडकन उतरतं आणि हृदय बिघडू शकतं. त्यामुळं पातळ पेज, दोन-दोन तासांनी, वाटीभर. अण्णांना हे काही केल्या समजेना. जी बाई खात नव्हती तिला आता खाऊ घालायचं, पण जास्त घालायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टर बुद्धप्रिया आल्या. माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि मायशी तासभर बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "नैराश्य आहे, आणि बरंच खोल आहे. औषध आजपासून सुरू. पण तीन-चार आठवडे फरक दिसणार नाही, कदाचित जास्त लागतील. तोवर एक मिनिटही एकटं सोडायचं नाही."

"पण मॅडम, बरी होईल ना?" अण्णांनी विचारलं.

"बरेच जण होतात, काका. यांचं मी आत्ता सांगू शकत नाही. त्या मला म्हणाल्या, मला घरी सोडा, माझा गुरुवार हाय."

खरंच गुरुवार होता. त्या दिवशी मायनं पेजेच्या वाटीला हात लावला नाही. "देवाचं मोडायला लावता का मला?" म्हणाली. नर्स समजावून थकली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मायला मनापासून नमस्कार केला आणि आम्हाला म्हणाली, "बाईमाणसाचा उपास मोडू नये, पाप लागतंय." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. सलाइन लावलं. रात्रभर एका बाजूला मी, एका बाजूला अण्णा. आम्ही पाळ्या ठरवल्या होत्या, पण झोपलं कोणीच नाही.

रविवारी दहा वाजता अण्णांचा फोन वाजला. रामलिंग सर. मागं माईकची टेस्टिंग चालू होती, हॅलो हॅलो. सरांचा आवाज इतका मोठा की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"शेषेराव, निघालाव का? ताईंचं नाव दोन नंबरला ठेवलंय. आमदारसाहेबांच्या हातून हाय सत्कार."

"न्हाई सर, येणं होत न्हाई."

"कामून? पाव्हणे आलेत का? त्यांला बी आणा!"

"सिंधु दवाखान्यात हाय."

"दवाखान्यात? अहो, साखर तर फसक्लास हाय त्यांची! काय झालं? पडल्या-बिडल्या का?"

अण्णांनी मायकडं पाहिलं. ती डोळे मिटून पडली होती, पण जागी होती, पापण्या हलत होत्या. मला वाटलं, अण्णा आता म्हणतील पडली, पाय मुरगळला. ते तसं म्हणाले असते तर मी काहीच बोलले नसते.

"पडली न्हाई, सर," अण्णा म्हणाले. "ती जेवतच नव्हती. लई महिन्यापासून. उपास म्हणून सांगायची अन् ताट गाईला घालायची. तिला जगू वाटत न्हाई म्हणती. म्हणून साखर उतरली. त्याच्यात आमची हुशारी काई न्हाई."

तिकडं माईक कोणीतरी बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं. मग सरांचा आवाज, अगदी खाली, "असं कसं, शेषेराव?"

"मला बी कळालं न्हाई, सर. तुम्ही आकडा वाचू नका तिचा. अन् कोणी विचारलं तर हेच सांगा." त्यांनी फोन ठेवला.

मायनं डोळे उघडले.

"समद्या गावाला सांगितलंव."

"हाव."

"माईकवर ऐकू गेलं आसंल."

"गेलं आसंल."

"मग आता मी काय सांगू?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच घाबरणं होतं. "आता उपास हाय म्हणलं तर कोण ऐकंल माझं? तेवढं एक होतं मला, ते बी ठेवलं न्हाई तुम्ही."

ती खरं बोलत होती, आम्ही तिच्याकडून तिची एकुलती आडोशाची जागा काढून घेतली होती आणि त्या बदल्यात द्यायला आमच्याकडं कोमट पेज होती.

तिनं आमच्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं. भिंत आणि खाट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा होती. मी वाटी अण्णांच्या हातात दिली, खाट ढकलली, अंग चोरून आत बसले आणि वाटी परत घेतली. पाठ भिंतीला टेकली होती, गुडघे खाटेच्या लोखंडाला. मायचं तोंड आता माझ्यासमोर होतं.

"बाजूला सर," ती म्हणाली.

"सरायला जागा नाही, माय," मी म्हणाले, आणि चमचा भरला.